पळत आलेली माणसं

१४ डिसेंबर, रविवार

आज आमच्या वाडीत माणसं पळत आली. आठ-नऊ जण, अंगात रंगीत टी-शर्ट, पायात बूट, घामाने चिंब. आमच्या कातकरवाडीत कुणी पळत आलं की आधी वाटतं काहीतरी झालं. शेजारच्या राहीने पोरांना आत घेतलं. सासू म्हणाली, "जंगलखात्याचं नाय ना कोन?" आणि आणून ठेवलेल्या जळणाच्या फाट्यांवर गोधडी टाकून स्वतः वर बसली.

मग त्या घोळक्यात हर्षदा मॅडम दिसल्या. मी ज्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात रोजंदारीवर आहे तिथे त्या शिकवतात. म्हणाल्या, घाबरू नका, हा आमचा धावगट आहे. दर रविवारी पळत कुठेतरी जायचं, तिथे तासभर कुणाच्या तरी उपयोगाचं काम करायचं आणि पळत घरी. त्यांना साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पळायला सांगितलं होतं. नुसतं पळायचा त्यांना कंटाळा आला म्हणून हे सुरू केलं.

आमच्या हातपंपाभोवती बारा महिने चिखल असतो. तिथे त्यांनी दगड बसवून दिले. मी कोरा चहा केला. मला बरं वाटत होतं आणि मान वरही होत नव्हती. आमच्या वाडीत जो येतो तो द्यायलाच येतो. कांबळी, साड्या, बिस्किटं. आम्ही रांगेत उभं राहायचं आणि त्यांनी फोटो काढायचा. आज तहसीलमधल्या गौतम सरांनी फोटो काढला, पण दगडांचा काढला. ते बरं झालं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "सुनिता, तू रोज शाळेत पळत येतेस, मी खिडकीतून बघते. रविवारी आमच्याबरोबर ये."

मी पळत जाते ते पाणी भरून उशीर होतो म्हणून. त्याला व्यायाम म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

१७ डिसेंबर

दहावीला होते तेव्हा रोज रात्री असं लिहायचे. लग्नानंतर सुटलं. आता परत धरलं, कारण रविवारचं कुणाशी बोलावं ते कळेना.

सासूशी बोलून पाहिलं. ती म्हणाली, "दिसभर पलतेस तं पुरं नाय होत?" आमच्याकडे 'पळणं' कुणी म्हणत नाही, 'पलणं' म्हणतात. मी लिहिताना नीट लिहिते, बोलताना जीभ घरच्यासारखी वळते. गटात सगळे नोकरीवाले, शेतवाल्या घरचे. तिथे माझं 'पलणं' ऐकून हसतील.

मंगळ्या दिवाळीपासून भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, इथे लिहायला हरकत नाही. आज त्याचा फोन आला. त्याला विचारलं जाऊ का. भट्टीवर राहून त्याचं निम्मं बोलणं हिंदी झालंय. म्हणाला, "जा ना, टेन्शन मत ले. पण त्यांचं काही सामान हरवलं तर तुझ्यावर येऊ देऊ नको."

२१ डिसेंबर, रविवार

गेले.

शाळेत कामाला घालते तोच पंजाबी ड्रेस घातला. ओढणी कमरेला बांधली. बूट नाहीत. चपला सुटायला लागल्या तेव्हा हातात घेतल्या. डांबरी सडक संपते तिथपर्यंत बुधाच्या भाड्याच्या जीपने गेलो, तिथून सूर्यमाळच्या डोंगरउतारावर पायवाट चढत पळायचं. चढावर मी मागे राहीन असं वाटलं होतं. राहिले नाही. पोस्टात असलेली नीता माझ्याबरोबर होती, ती धापा टाकत म्हणाली, तू श्वास कधी घेतेस गं? तिच्याशी लगेच जमलं.

वर तुकाबाबा आणि रामीआजी दोघंच राहतात. मुलगा नाशिकला मास्तर आहे. आजीचे हात आखडलेत, त्यामुळे गोठ्याचा कूड दोन वर्षं लिंपला नव्हता, वारा आरपार जात होता. माती, शेण, भुसा मी कालवला आणि बाकीच्यांना हात कसा फिरवायचा ते दाखवलं. मॅडमच्या नाकापर्यंत चिखल गेला. मजा आली, खरंच मजा आली.

मग हे झालं. सगळ्यांना कपात चहा मिळाला, मलाही कपातच. निघताना तुकाबाबा आतून शेरभर तांदूळ घेऊन आले आणि माझ्या ओढणीत ओतले. फक्त माझ्या. म्हणाले, हात चांगला चालतो तुझा, लिंपायला परत ये. माझा सासरा त्यांच्याकडे भातलावणीला मजुरीवर यायचा, त्यांना ते आठवलं असेल. मी घेतले. माझे हात आपोआप पुढे झाले.

उतरताना पळता येईना. तांदूळ गुडघ्यावर आपटत होते. गौतम सर म्हणाले, "सुनिताचं बरं आहे, व्यायामही झाला आणि मजुरीही." दोघं-तिघं हसले. मॅडम पुढे होत्या.

संध्याकाळी त्याचाच भात केला. चांगला झाला होता, खोटं कशाला लिहू. सासूने दोनदा घेतला.

२८ डिसेंबर, रविवार

गेले नाही. ताप आलाय असं कळवलं.

सकाळी उठले तर हंडे भरलेले. मागच्या रविवारीही भरलेले होते, तेव्हा घाईत लक्ष दिलं नाही. राहीला विचारलं, ती म्हणाली मी नाही भरले. कबूल करायला लाजत असेल. तिचं कधीतरी फेडायला पाहिजे. सासूला मात्र रागावले. एवढ्या थंडीत पहाटे उठून कुठे फिरत होती कोण जाणे, लुगड्याचा काठ दवाने भिजला होता आणि दिवसभर कंबर धरून बसली.

५ जानेवारी

आज मॅडम स्वयंपाकघरात आल्या. विळीजवळ बसल्या आणि माझ्याबरोबर लसूण सोलू लागल्या. मुख्याध्यापकांनी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

 मग म्हणाल्या, "तांदूळ मी बघितले होते."

"मग बोलला का नाही?"

"मी बोलले असते तर तुकाबाबांनी ऐकलं असतं. माझं ऐकलं असतं, सुनिता. पुढच्या वेळी मी नसताना त्यांनी परत ओतले असते. हे तुझं तूच सांगायला पाहिजे."

मला नीट कळलं नाही. मॅडम नसायला कुठे जाणार आहेत? आणि मदतच करायची तर बोलून टाकायचं. शिकलेली माणसं सोपी गोष्ट फार अवघड करतात. तरी त्या लसूण सोलायला बसल्या हे मी विसरणार नाही. त्यांना येत नव्हता, निम्मा सालीसकट टाकला.

११ जानेवारी, रविवार

परत तुकाबाबांकडे. गोठ्याची दुसरी बाजू राहिली होती.

काम झालं, हात धुतले, आणि बाबा तांदळाचं माप घेऊन बाहेर आले.  सगळे बघत होते. मी ओढणी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि म्हटलं, "बाबा, मी मजुरीला नाय आले."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. परत म्हटलं.

"मंग येतेस कशाला?"

"ही सगली येतात तशीच."

"ही साहेबलोकं. ह्यांना घाम पायजे."

"मला पन पायजे," मी म्हटलं.

आत रामीआजी जोरात हसली. बाबांना राग आला. माप घेऊन आत गेले ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.  माझं 'सगली' ऐकूनही कुणी हसलं नाही.

उतारावर मी सगळ्यांच्या पुढे होते. इतकी जोरात पळाले की खाली पोचल्यावर थांबता येईना, जीपच्या दारावर आदळले. बुधा म्हणाला, वहिनी, गाडी माझी आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर मॅडमनी मला गटाचा टी-शर्ट दिला. निळा. आणि बूट, त्यांच्या बहिणीचे, थोडे मोठे आहेत, पुढे कापूस घालते.

घरी येऊन टी-शर्ट घातला, काढला, परत घातला. सासू म्हणाली, आता झोपतानाबी घाल.

मोबाइलवर त्यांचा जो ग्रुप आहे त्यात मला घेतलंय. नीता म्हणते मी त्याची अ‍ॅडमिन झालेय. मॅडमच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं असणार. सांगितलं त्यांना, त्या म्हणाल्या राहू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

सूर्यमाळला पाणी आटायला लागलंय. तुकाबाबांच्या घराखाली झरा आहे, तो गाळाने भरला होता. आज तो उपसला. बाबा आता माझ्याशी बोलतात, पण नाव घेत नाहीत, आमच्या गावावरून 'ती पोशेऱ्याची' म्हणतात. काम संपल्यावर त्यांनी मला आणि गौतम सरांना सारखंच विचारलं, पाणी पिऊन बघा, गोड लागतं का. गोड होतं.

मॅडमचं काहीतरी बिघडलंय. पूर्वी पुढे असायच्या, आता सगळ्यांच्या मागे. विचारलं की म्हणतात बुटाची नाडी सुटली. दर वेळी नाडी कशी सुटते? नवीन घ्यायला पाहिजे. आणि सगळं मला करायला सांगतात. रविवारी कुठे जायचं तू ठरव. बुधाशी तू बोल. कोण आलं नाही त्याला तू फोन कर. गौतम सरांनाही मीच फोन करते. मी त्यांना एवढंच म्हणते, उद्या सहाला, सर. ते म्हणतात, बरं.

मला वाटतं मॅडमना माझा कंटाळा आलाय. मी सारखी बरोबर असते म्हणून कामाला लावून लांब ठेवतात.

१९ फेब्रुवारी

मॅडमच्या खोलीवर डबा द्यायला गेले. पुस्तकं खोक्यांत भरलेली, खिडकीचे पडदे काढलेले. मला म्हणाल्या, भांड्यांची मांडणी हवी का? शिमगा जवळ आलाय, साफसफाई काढली असेल. पण चांगली मांडणी कुणी देतं का? मी नको म्हटलं.

२७ फेब्रुवारी

मॅडमची बदली झाली. बढती मिळाली, मुख्याध्यापिका म्हणून तलासरीकडच्या शाळेवर.

शाळेत निरोपसमारंभ झाला, पेढे वाटले. मी आतच होते, कढईजवळ. त्या आत आल्या. मी विचारलं कधीपासून माहीत होतं. म्हणाल्या, नाताळपासून.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच गट सोडला असतास."

खरं आहे, सोडलाच असता. म्हणून जास्त राग आला. त्यांच्या पाया पडले नाही. पेढा ओट्यावर ठेवून दिला. त्या गेल्यावर ओटा पुसून झाला तेव्हा खाल्ला.

१ मार्च, रविवार

मॅडमशिवाय पहिला रविवार. काल मी ग्रुपवर लिहिलं, उद्या सहाला. रात्री गौतम सरांनी लिहिलं, मॅडम नाहीत, ऊनही वाढलंय, सध्या थांबवू या. त्याखाली तीन-चार जणांनी अंगठे दिले. मी काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? मी तिथे कोण?

तरी सहाला जाऊन उभी राहिले. फक्त नीता आली. बाकीच्यांची वाट बघून बुधाच म्हणाला, दोघी तर दोघी, बसा.

रामीआजीने अंगणातला, घरामागचा पाला झाडून द्यायला सांगितला, सगळा माळ वाळून कोरडाठाक झालाय. दोघींच्याने घरामागचं आणि गोठ्याच्या बाजूचं झालं. पेंढ्याच्या रचलेल्या उडवीकडचं राहिलं. तुकाबाबांनी विचारलं, बाकीची कुठं? नीता म्हणाली, येतील. तिला खोटं चांगलं बोलता येतं.

३ मार्च

शिमग्याला भट्टीवरची माणसं घरी आलीत. वाडी भरली. मंगळ्या वाळून काळा झालाय. त्याला टी-शर्ट दाखवला. मी पुढे पळते आणि तहसीलचे साहेब मागे, हे त्याला पटेना. "झूट," म्हणाला. मी भांडले नाही. आता कोण पुढे आणि कोण मागे, गटच राहिला नाही.

७ मार्च, शनिवार

कालचं आज लिहिते. काल हातात पेन धरवत नव्हतं.

दुपारी पोरांची जेवणं उरकून मी पातेली घासत होते. नीताचा पोस्टातून फोन आला. सूर्यमाळच्या उतारावर धूर दिसतोय, बाबांच्या बाजूला. कुणीतरी शेतात पालापाचोळ्याचा राब लवकर भाजायला घेतला, तो सुटला. वनखात्याची माणसं पलीकडच्या डोंगरावरच्या वणव्यात अडकली होती, यायला वेळ लागणार.

मी ग्रुपवर बोलून पाठवलं. काय बोलले ते नंतर परत ऐकलं म्हणून लिहिता येतं. "तुकाबाबांच्या घराकडे वणवा आलाय. कोयते घ्या. बुधाची जीप शाळेच्या फाटकात आहे. मी निघते." एवढंच. कुणाला या म्हटलं नाही की विचारलं नाही. मग मंगळ्याला फोन केला. त्याला पहिल्यांदा हुकूम दिला, वाडीतली जेवढी माणसं मिळतील तेवढी घेऊन जीपच्या दुसऱ्या फेरीला ये.

फाटकात नीता होती. मग गटातले दोघं मास्तर आले. जीप सुरू झाली तेव्हा गौतम सर कचेरीच्या कपड्यांत स्कूटरवरून आले, स्कूटर तशीच आडवी टाकली आणि मागे लटकले.

डांबरी संपली तिथून पळालो. ती वाट आम्ही इतकी तुडवलीय की धुरातही पाय चुकला नाही. गौतम सरांचे काळे बूट गुळगुळीत तळाचे, ते दोनदा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी बूट काढून फेकले आणि मोजे घालून पळायला लागले. मी मागे वळून बघितलं नाही, पण पाय ऐकू येत होते. कुणी थांबलं नव्हतं.

वर बाबा एकटे हिरवा डहाळा घेऊन आग झोडपत होते. गवताची आग एका रेघेत खाली येत होती, मध्येच वाऱ्याने उडी मारायची. आजी गोठ्याच्या दारात बसली होती. गाय गाभण, दावं सुटत नव्हतं, आणि गाईला सोडून ती हलायला तयार नव्हती.

कुणाला काय सांगितलं ते मला त्या वेळी कळत नव्हतं. नीताला दावं कापायला लावलं. मास्तरांना वरच्या बांधावरचं गवत कापून पट्टा मोकळा करायला सांगितलं. गौतम सरांना म्हटलं, "आजीला उचला." सर लावलंच नाही. त्यांनी उचललं. आजी त्यांच्या पाठीवर मुठी मारत होती, ते तसेच झऱ्यापर्यंत गेले आणि तिला ठेवून परत आले.

तेवढ्यात आग उडवीच्या बाजूला वळली. तिकडचा पाला तसाच होता. बाबा ओरडत तिकडे धावले. वर्षभराचा गुरांचा चारा आहे तो. सगळे त्यांच्यामागे निघाले. मी बघितलं की सगळे तिकडे गेले तर घराकडचा पट्टा तुटणार.

मी बाबांचा हात धरला. "पेंढा जाऊ द्या. घर धरा."

"सोड! गुरां काय खातील?"

"आपण आणू. घर नाय आणता येनार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं कधी बघितलं नव्हतं. मग डहाळा घेऊन माझ्याबरोबर घराकडे वळले.

उडवी पेटली तेव्हा एवढा जाळ झाला की भुवया करपल्या. त्याच वेळी खालून आवाज आले. मंगळ्या आणि आमची वाडी, दहा-बारा जण, बायकासुद्धा, डोक्यावर हंडे. भट्टीवर राबणारी माणसं ती, आगीला घाबरत नाहीत. त्यांना काही सांगावं लागलं नाही, रांगेने उभे राहिले. आग घरामागे आली. नीताने आणि मी झाडलेल्या जागेवर तिला खायला काही मिळेना. थोडी रांगली, धुरली, आणि तिथेच बसली.

घर वाचलं. गोठा वाचला. गाय वाचली. उडवी गेली.

सगळे अंगणात पडून राहिले. कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. गौतम सरांच्या मोज्यांना भोकं पडली होती, तळपाय फोडांनी भरले होते. मोबाइल त्यांच्या खिशात होता, पण त्यांनी काढला नाही. मंगळ्या माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "तू तर मुकादम झालीस."

"मुकादम बसून सांगतो," मी म्हटलं.

तुकाबाबांनी मुलाला नाशिकला फोन लावून मागितला. त्यांचा आवाज बसला होता. मुलगा तिकडून विचारत असावा वनखात्याचे आले का, कोण आले. बाबा म्हणाले, "आपला गट आलता. सुनिताबाईचा."

मी तिथून उठून झऱ्याकडे गेले. तोंड धुवायचं होतं.

संध्याकाळी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. निरोपाच्या दिवशी पाया पडले नाही तेही सांगितलं. तिकडून काही आवाजच नाही. रेंज गेली असेल.

८ मार्च, रविवार

सहाला शाळेसमोर पोचले तेव्हा सगळे होते. गौतम सर पायाला फडकी गुंडाळून, चपला घालून. त्यांच्या पोशेऱ्याच्या शेतातून टेम्पोभर पेंढा आणला होता. म्हणाले, "आज पळता येणार नाही, मी पेंढ्याबरोबर येतो. बाकी काय करायचं ते सांगा, सुनिताताई."

ताई! ते माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे आहेत. मी ओशाळले आणि छातीही भरून आली. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

आमच्या वाडीतूनही आठ जण आले. आमच्याकडे पेंढा कुठला, शेतच नाही. पण त्यांनी डोंगराच्या न जळलेल्या अंगाचं गवत कापून भारे बांधले आणि डोक्यावर घेऊन चढ चढले. राही पण होती. बाबांनी अंगणात गोणपाटं अंथरली आणि सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं. आजीने नाचणीच्या भाकरी केल्या होत्या, आखडलेल्या हातांनी, जाड आणि वेड्यावाकड्या.

मी खात होते आणि मान खाली घालून आमच्या माणसांकडे बघत होते. आमची माणसं आज कुणाला तरी द्यायला आली होती. रांग नव्हती, फोटो नव्हता. मंगळ्या बाबांना सांगत होता की नवी उडवी जरा लांब रचू. बाबा ऐकत होते.

१५ मार्च, रविवार

मंगळ्या परवा भट्टीवर परत गेला. जाताना म्हणाला, पावसाळ्यात आलो की मीपण येईन, मला तसला शर्ट बघ. आज त्याच्याशिवाय गेलो. गटात आता आमच्या वाडीतल्या चार जणी आहेत. साड्या खोचून पळतात. राही सारखी थांबून हसते. तिला हसतानाही पळायला शिकवायला पाहिजे.

२० मार्च

दुपारी पातेली घासताना अनोळखी नंबरवरून फोन आला. ओल्या हातानेच घेतला. एक बाई होती, आवाज घाबरलेला. वांगणीहून बोलते म्हणाली, वावर गावाच्या पुढची. तिच्या भावाने कुणाकडून तरी वणव्याचं ऐकलं होतं. त्यांच्याकडे विहिरीचा काठ ढासळलाय, पुरुषमाणसं कामाला बाहेर, आणि रस्ता असा की कुणी फिरकत नाही. आम्ही बायका आहोत, म्हणाली, करायची तयारी आहे, पण सुरुवात कशी करायची ते कुणी सांगायला आलं तर बरं होईल.

मग तिने विचारलं, "धावगटाच्या मॅडमला देता का जरा फोन?"

मॅडमची बदली झाली, हे माझ्या तोंडात आलं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. मी नळ बंद केला.

"बोला," मी म्हटलं. "मीच आहे."

 तिने विचारलं, कधी येता येईल. मी म्हटलं रविवारी येतो, तुम्ही किती जणी आहात ते सांगा. ती मोजायला लागली. एकेक नाव घेत होती, मध्येच मागे वळून कुणाला तरी विचारत होती, तू येनार का गं? आणि मागून बायकांचे आवाज येत होते, मला धर, मला पन धर.